तांबडी आणि पाव लिटरचं माप

अंडं अडलेल्या कोंबडीला खुडूक समजून मी तिला गार पाण्यात तीन वेळा बुडवली.

यात काही वाढवून सांगितलेलं नाही. उलट थोडं कमीच सांगितलंय, कारण मी चौथ्यांदाही बुडवणार होतो, पण माझेच हात गारठले. कोंबडी माझी नव्हती. पाणीही एका अर्थी माझं नव्हतं, टँकरचं होतं. माझी होती ती फक्त अक्कल, आणि ती त्या सकाळी किती होती ते पुढं कळेलच.

यंदा फाल्गुन लागला आणि गावात पुन्हा टँकर आला. विहाराच्या ओट्याजवळ तो थांबतो, ड्रायव्हर उतरून चाकाला एक लाथ मारतो, काळा जाड पाइप हौदात सुटतो. पाइप गळका आहे. पहिल्या धारेसरशी खालचा तापलेला फुफाटा भिजतो आणि एक वास उठतो. नाक फसतं, त्याला वाटतं काहीतरी चांगलं चाललंय. मी हंडा घेऊन रांगेत उभा असतो. मागून हटकून कुणीतरी विचारतो, "सचिव, कोंबडीला किती?" रांग हसते, मीही हसतो. माझा हुद्दा गेला, डोक्यावरचे केस गेले, पण हा प्रश्न काही गावातून जात नाही.

त्यात आमच्या परसातली एक कोंबडी खुडूक बसलीय, म्हणजे अंडी उबवायच्या नादाला लागलीय. अंगाचा फुगा करून कोपऱ्यात बसते आणि दिवसभर 'कुर्रक कुर्रक' करत स्वतःशीच तक्रार सांगत राहते. हात जवळ नेला की टोच मारते. माझी बायको मंगल हिनं तिच्याखाली अंडी ठेवली आणि मला ताकीद दिली, "तिकडं फिरकायचं न्हाई. तुमचा आन कोंबडीचा संबंध संपला."

मी फिरकत नाही. लांब बसून ऐकतो. खुडूक कोंबडीचा आवाज कसा असतो हे मला आता इतकं पक्कं माहीत आहे, की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तेव्हा मात्र माहीत नव्हतं.

तेव्हा मी गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो. सचिव म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हे. पहाटे खोली उघडायची, दूध मोजायचं, काचेच्या नळीत घालून फॅट काढायचा, कॅन भरून गाडीवर चढवायचे. पण ज्याच्या हातात माप असतं त्याच्याशी गाव जपून बोलतं, आणि जपून बोलणाऱ्या माणसांत राहिलं की आपण शहाणे आहोत असं हळूहळू वाटायला लागतं. मला तर ते फार लवकर वाटलं.

त्या वर्षी पाऊस श्रावणातच गेला आणि परतीचाही फिरकला नाही. दिवाळी झाली तसा कडबा संपला. जनावरं शिरूरच्या रस्त्यावर छावणी लागली होती, तिकडं गेली. संस्थेतला कॅन अर्ध्यावर आला, मग पावावर, मग तळाला. शेवटच्या दिवशी एक म्हातारा तांब्याभर दूध घेऊन आला. मी ते गंभीर चेहऱ्यानं मोजलं. दुसऱ्या दिवशी तोही आला नाही, आणि गाडीही आली नाही. मी कॅन पालथे घातले. खोली मात्र रोज साडेपाचला उघडत राहिलो. पालथ्या कॅनवर बसायचो. समोर खिळ्यांना मापं टांगलेली: लिटर, अर्धा, पाव. भिंतीतून आंबूस वास यायचा. उजाडलं की कुलूप लावून घरी यायचो. मंगल चहा पुढं करत विचारायची, "झालं का मोजून?" मी म्हणायचो, "झालं." दोघंही यावर कधी हसलो नाही.

इकडं एका सहकाराचं दूध आटलं होतं, तिकडं पश्चिमेला दुसऱ्या सहकाराची धुराडी पेटली होती. साखर कारखान्यांनी हाक दिली आणि गाव उठलं. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यात पत्रे, बांबू, पाण्याची टिपाडं, भांड्यांच्या गोण्या, शेळ्या आणि सगळ्यांच्या वर माणसं. कोपीवर, म्हणजे उसाच्या फडावरच्या झोपडीवर, नेता येईल ती कोंबडीसुद्धा पाय बांधून गेली. आमच्या शेजारणीची, हौसाक्काची, तांबडी तेवढी मागं राहिली.

हौसाक्काचं आणि आमचं घर यांच्यात एक कमरेएवढी मातीची भिंत. घर कसलं, चार पत्रे आणि एक उंबरा. तिची सासू तिची सख्खी आत्याही होती, म्हणून सगळी आळी तिला आत्याच म्हणायची. आत्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यातून अंधुक उजेड तेवढा कळायचा. तिला फडावर नेऊन ठेवणार कुठं? म्हणून ती घरी राहिली, आणि दिवसाआड एक अंडं म्हातारीच्या पोटात जावं म्हणून तांबडी राहिली.

ट्रॉलीत चढलेली हौसाक्का पुन्हा खाली उतरून माझ्याकडं आली. "भाऊ, आत्याकडं ध्यान असू द्या. आन तांबडीकडं बी."

आत्या उंबऱ्यातून ओरडली, "माझं काय मेलीचं! कोंबडीचं बघ म्हनावं त्याला. मुंगूस फिरतंय."

ट्रॅक्टर सुरू झाला. त्या घरघरीत माझ्या कानात दोन कामांपैकी एकच राहिलं.

ते मी मन लावून केलं. आधी मुंगसाच्या भीतीनं तांबडीला आमच्या परसात आणून डालग्याखाली कोंडली. मग कुत्र्यांची भीती वाटली, मग माणसांची, कारण दुष्काळात दुसऱ्याची कोंबडी फार देखणी दिसते. सकाळ-संध्याकाळ तीच टोपली, तीच हातभर जागा. खायला काय? संस्थेच्या कोपऱ्यात सरकी पेंडीचं अर्धं पोतं उरलं होतं, गाई-म्हशींचं. गाईला चालतं ते कोंबडीला का चालू नये, असा माझा शास्त्रीय विचार. ती मूठभर पेंड आणि थोडी ज्वारी. पाणी मात्र मोजून. खिळ्यावरचं पाव लिटरचं माप मी घरी आणलं होतं. दिवसाला एक माप. कोंबडीला पाव लिटर पुरतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कुठं वाचलंही नव्हतं. हातात ते माप होतं म्हणून पाव लिटर. हातात चमचा असता तर चमचाभर पाजलं असतं.

भिंतीपलीकडून आत्या म्हणायची, "सोड की रं सचिवा तिला. पायानं माती उकरल्याबिगर कोंबडीच्या अंगाला काय लागत न्हाई. आन अंड्याची टरफलं कुटून घालत जा तिला."

"आत्या, स्वतःच्याच अंड्याचं टरफल खायला घालू?"

"मंग काय सोन्याचं घालतो? टरफल खाल्लं तर टरफल येतंय."

मला ते रानटी वाटलं. फॅट काढणाऱ्या माणसाला कोंबडीचं कुणी काय शिकवायचं!

पौषात अंडी पातळ यायला लागली. हातात घेतली की टरफल कागदासारखं दबायचं. फाल्गुन लागला, ऊन चढलं, आणि अंडं यायचंच थांबलं. हे आत्याला कसं सांगावं? मी उपाय शोधला. शिरूरहून येणाऱ्या जीपवाल्याकडून दुकानातली पांढरी अंडी मागवली. आत्याला पांढरं-तांबडं कुठं दिसतंय? एकेक अंडं मी मोठ्या प्रामाणिक चेहऱ्यानं तिच्या हातात ठेवत गेलो. चेहरा तिला दिसत नव्हता, तरी प्रामाणिक ठेवला होता. दोनदा काही बोलली नाही. तिसऱ्यांदा तिनं अंडं तळहातावर फिरवलं, टोकावरून अंगठा नेला आणि म्हणाली, "का रं सचिवा, तांबडी शिरूरला जाऊन अंडं घालून येती का?"

"कावून गं आत्या?"

"गार हाय. पोटाखालचं अंडं हाताला ऊन लागतंय. आन तिच्या अंड्याला टोकाला खरखर असती. हे बाटलीवानी हाय." मग सावकाश म्हणाली, "कोंबडीला काय झालंय ते सांग."

"काही न्हाई. खुडूक बसलीया," मी म्हणालो. जिभेवर तेवढंच आलं. आणि एकदा म्हटल्यावर माझा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. दोन दिवस तांबडी डालग्यात फुगून बसली होती, खात नव्हती, तुरा फिक्का पडला होता. खुडूकच! बोललेलं खरं निघालं म्हणून मला बरंही वाटलं.

खुडूक मोडायची आमच्याकडची रीत ठाऊक असेल. गार पाण्यात बुचकळायची, तेवढ्यानं नाही जमलं तर तिचंच पीस तिच्या नाकपुड्यांतून आरपार घालायचं. मग ते पीस काढण्याच्या नादात ती बसायचं विसरते. मंगल त्या दिवशी माहेरी, नेकनूरला होती, दुपारच्या एसटीनं येणार होती. बायको घरी नसली की माणसाला धाडस सुचतं. सकाळी मी रांजणातलं गार पाणी बादलीत ओतलं. एक पीस धुऊन कानावर खोचलं, सुतार पेन्सिल खोचतो तसं. तांबडीला दोन्ही हातांनी धरली. ती टोचली नाही, पंख झाडले नाहीत, ओरडलीही नाही. शहाण्या माणसाला तिथंच थांबावंसं वाटलं असतं. मी तिला शेपटीकडून गळ्यापर्यंत बुडवली. एकदा, दोनदा, तीनदा.

भिंतीपलीकडून आवाज आला, "काय धुतोस रं?"

"सदरा," मी म्हणालो.

खाली ठेवल्यावर तांबडी पडली नाही. ती उभी राहिली, पण कशी? छाती वर, शेपूट जमिनीला टेकलेलं, पाय फाकलेले. बंदोबस्ताच्या पोलिसासारखी ताठ. थोड्या थोड्या वेळानं तिचं शेपूट खालीवर हलायचं, अख्खं अंग आवळायचं आणि चोच उघडी राहायची. त्या उघड्या चोचीतून काहीच आवाज येत नव्हता. पीस मी कानावरून काढून खिशात ठेवलं.

मग तिला पिशवीत घालून छावणीकडं निघालो. तिथं जनावरांचे डॉक्टर असतात, आणि आत्याला विचारण्यापेक्षा तीन मैल उन्हात चालणं मला सोपं वाटलं. छावणीत शेडनेटच्या फाटक्या सावलीत गुरं रांगेनं बांधलेली होती. कुणाच्या पाठीवर ऊन, कुणाच्या पाठीवर जाळीची नक्षी. उसाचं वाढं चघळण्याचा एकच करकर आवाज, आणि त्याखाली शेणाचा कोरडा वास. त्यातल्या कित्येक म्हशींचं दूध मी वर्षानुवर्षं मोजलं होतं. म्हशी मला ओळखायच्या, कारण माझ्या खोलीसमोरूनच पाण्यावर जायच्या. त्या दिवशी एकीनंही मान वर केली नाही. मी एका बरगड्या निघालेल्या पाठीवर हात ठेवला. कातडी तेवढी थरथरली, माशी बसल्यावर थरथरते तशी.

डॉक्टर एका बैलाच्या तोंडात हात घालून उभे होते. मी पिशवी उघडून दाखवली. त्यांनी वाकून बघितलं, आणि ते इतके दमलेले होते की चेष्टाही त्यांनी दमूनच केली. "सचिव, संध्याकाळी रस्सा करा."

परतीच्या वाटेवर पिशवी छातीशी धरली होती. पिशवीतून मला तिची धडधड लागत होती, की माझीच होती, कुणास ठाऊक. दुतर्फा काळं रान, नांगरलेलं आणि न पेरलेलं. कुठंही हिरवं नाही, बोलायला माणूस नाही. त्या वाटेवर पहिल्यांदा मला हौसाक्काचा चेहरा आठवला आणि ही कोंबडी मेली तर आपण काय सांगणार, या विचारानं मी पाय उचलले. कोंबडीच्या जिवापेक्षा माझ्या तोंडाची काळजी मोठी होती, हेही लिहून ठेवतो.

आळीत आलो तेव्हा मंगल आलेली होती. मी थेट आत्याच्या उंबऱ्यात गेलो आणि पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. "आत्या, सदरा नव्हता," एवढंच म्हणालो.

आत्यानं तांबडीला बाहेर काढली. एक हात पाठीवर, दुसरा पोटाखाली, शेपटीच्या मुळाशी. बोटं हळूहळू फिरली आणि एका जागी थांबली. तिचे न दिसणारे डोळे छताकडं होते.

"खुडूक कोंबडी बोलती रं सचिवा. दिवसभर बोलती, डोकं उठवती. ही कवाधरनं गप हाय?"

"दोन दिवस."

"दोन दिवस! अन् तू तिला गार पान्यात घातलीस? अडली हाय ती. अंडं आडवून बसलंय. बाई अडली तर तिला हिरीत टाकतोस का?" मग मंगलला हाक मारली, "मंगले, घमेलंभर पानी ऊन कर. हाताला सोसवंल एवढंच."

मंगल माझ्याकडं बघत राहिली. घमेलंभर पाणी म्हणजे आमच्या दोघांचं दुसऱ्या दिवशीचं पिण्याचं पाणी. मी मान हलवली. चुलीवर पाणी ठेवलं गेलं.

ती दुपार मला अजून वासानं आठवते. ओल्या पिसांचा, धुराचा, करडईच्या तेलाचा. पत्र्याच्या त्या घरात भट्टी पेटल्यासारखं होत होतं आणि मधे घमेलं, त्यात पोटापर्यंत बसलेली तांबडी, आणि तिला दोन्ही हातांनी धरून आत्या. बोलत होती ती कोंबडीशी. "हां माय, हां. घाई न्हाई. बस." पाणी निवलं की मंगल थोडं ऊन पाणी वरून घालायची. मी काहीतरी करायचं म्हणून तेलाची वाटी धरून उभा होतो. आत्यानं बोट तेलात बुडवलं, कोंबडीच्या शेपटीखाली कडेकडेनं फिरवलं. "दाबायचं न्हाई. आत फुटलं तर गेली. आपुन वाट मऊ करायची, यायचं ते तीच आनती." मग म्हणाली, "हौसी अशीच अडली व्हती. माझा भाऊ रानात पळाला व्हता तुझ्यावानी. दीड दिस तिच्या आईपाशी मी बसले. निळी निघाली व्हती पोर. पाठीत चापट दिली तवा रडली."

मी म्हणालो, "म्हणून एवढी बोलते का आता?"

"एकडाव चालू झाली ती झालीच," आत्या म्हणाली, आणि आम्ही तिघं हसलो. त्या घरात त्या वर्षी तिघं एकदम हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

ऊन उतरता उतरता तांबडीचं अंग एकदा आवळलं, मान पुढं आली आणि आत्याच्या तळहातात काहीतरी घसरलं. टरफल नव्हतंच. पांढरट, मऊ, लिबलिबीत. दुधाची छोटी पिशवी असावी तसं. आत्यानं ते माझ्या हातात ठेवलं. "बघ. हे तुझ्या पेंडीचं अंडं."

तांबडी फडक्यात गुंडाळून पडली होती. आत्यानं जर्मनच्या वाटीत पाणी ओतलं आणि तिच्या चोचीपुढं धरलं. तिनं चोच बुडवली, मान वर केली, गिळलं. पुन्हा बुडवली. पुन्हा, पुन्हा. वाटी संपली तशी आत्यानं दुसरी भरली.

"किती पिली?" मी विचारलं.

"मोजू नगं," आत्या म्हणाली. "अंडं म्हंजी पानीच की रं. आत गेलंच न्हाई तर भाईर काय येनार?"

त्या दिवसापासून तांबडी आत्याकडं राहिली. आत्या तिला दारात मोकळी सोडायची, टरफलं कुटून घालायची. पंधरवड्यात तिचा तुरा लाल झाला आणि तांबूस, टोकाला खरखरीत, ऊन अंडं आलं. मी छाती फुगवून आळीभर सांगत फिरलो. हौसाक्काचा फोन आला की मी फोन आत्याच्या कानाला लावायचो. पलीकडून फडातला वारा ऐकू यायचा आणि हौसाक्काचं ओरडून बोलणं, "आत्या, पानी मिळतंय का गं?"

"मिळतंय, मिळतंय. तांबडी पुन्यांदा अंड्यावर आली बघ."

मीही माझ्या चुकीतून शिकलो होतो. तांबडीचं माप दुप्पट केलं. आमच्या हंड्यातून रोज दोन वेळा पाव लिटर मोजून आत्याच्या उंबऱ्यात नेऊन द्यायचो. तिकडं चैत्र लागला. टँकर दिवसाआड यायचा तो तिसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी यायला लागला. माणशी हंड्याची घागर झाली. आत्याची घागर मीच भरून आणायचो. तांबडीचं पाणी दुप्पट झालं होतं आणि आत्याचं हंड्यावरून घागरीवर आलं होतं. आज हे लिहिताना एका ओळीत बसलं. तेव्हा महिनाभर रोज डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नाही. मोतीबिंदू कुणाला झाला होता, हे मी मंगलला विचारत नाही.

एकदा विचारलं होतं तसं. जाता जाता, घागर टेकवून. "आत्या, पुरतं ना गं पाणी?"

"मला कशाला रं पानी?" आत्या म्हणाली. "मी काय अंडी घालती का?"

काय हसलो होतो मी! घरी येऊन मंगलला सांगितलं, दुसऱ्या दिवशी रांगेत सांगितलं. मंगल हसली नाही. म्हणाली, "जाऊन घागर बघून या." मी म्हणालो, बघतो. दुपार झाली, ऊन होतं. म्हटलं, सकाळी बघू.

अशा किती सकाळी गेल्या ते मी मोजलं नाही. मोजायची सवय नेमकी तिथंच गेली.

चैत्राच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी तांबडीचं दुसरं माप घेऊन गेलो. आत्या भिंतीला टेकून बसलेली होती. पत्रा तापून कडकड वाजत होता. कोपऱ्यात डालगं, त्यावर ओलं गोणपाट टाकलेलं, आणि आत तांबडी. मी आधी डालग्यात हात घातला. आत गार होतं, बाहेरच्या मानानं खरंच गार. त्या अख्ख्या घरात गार अशी तेवढीच जागा होती. वाटी काठोकाठ भरलेली. मी म्हणालो, "आत्या, आज झ्याक गारवा केलास की." उत्तर आलं नाही म्हणून वळून बघितलं.

घागरीत तळाला मूठभर पाणी होतं आणि त्यात एक पीस तरंगत होतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, ऊन लागलं, अंगात पाणी नव्हतं, वयही होतं. त्यातलं शेवटचं तेवढं लोकांनी उचललं. वय झालं होतं, सोन्यासारखी गेली, कुणाला त्रास दिला नाही. मीही तेच धरून बसलो. ते धरायला बरं होतं.

हौसाक्का आणि तिचा नवरा दुसऱ्या दिवशी दुपारी आले, कुठली तरी जीप, मग एसटी, मग पुन्हा जीप करत. तिचे हात उसाच्या पाचटानं कापलेले, चेहरा रापून काळा पडलेला. आत्याला नेलं. दिवस झाले.

दहाव्याला माणसं पांगल्यावर ती उंबऱ्यात बसली होती, आत्या बसायची तिथंच. तांबडी तिच्या पायाशी माती उकरत होती. इतकी तजेलदार, तुरा असा लाल की दुष्काळ तिच्या गावी नव्हता. मंगल आणि आळीतल्या दोन बायका शेजारी बसल्या होत्या. कुणी बोलेना. मला शांतता सहन होत नाही, हा माझा जुना रोग. मी तांबडीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. सरकी पेंड सांगितली, पांढरी अंडी सांगितली, शिरूरला जाऊन अंडं घालणारी कोंबडी सांगितली. बादली, कानावरचं पीस, सदरा, सगळं सोंगासकट केलं. बायका पदराआड हसल्या. मग रंगात येऊन आत्याचं ते बोलणंही सांगितलं, मी काय अंडी घालती का. तेही तिच्याच आवाजात, हुबेहूब. कुणी हसलं नाही. मंगलनं मान खाली घातली.

पाव लिटरचं ते माप आजही आमच्या घरी खिळ्याला आहे. संस्था पुढं सुरू झाली, तिथं यंत्र आलं, दूध ओतलं की आकडे आपोआप दिसतात, मापाची कुणाला आठवण राहिली नाही. परसातल्या लिंबाखाली मी पसरट भांड्यात पाणी ठेवतो. कोंबड्या पितात, चिमण्या पितात, एक मुंगूसही येतं. किती ठेवतो ते बघत नाही. मंगल म्हणते, आता ठेवून काय उपयोग. बरोबर आहे तिचं.

हौसाक्कानं माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली होती. मधे एकदाही बोलली नाही. एवढी बोलणारी बाई. मग तिनं पायाशी फिरणारी तांबडी उचलली, तिचा तुरा बघितला, पोटाखाली हात घालून वजन बघितलं आणि पुन्हा खाली सोडली.

"कोंबडी लई झ्याक ठेवलीत भाऊ," ती म्हणाली. "आत्याला बी कोंबडीच समजायचं व्हतं तुमी."